मढवलेलं विमान

शनिवारचा ट्रेक पावसानं कॅन्सल झालाय, मल्टिप्लेक्सची तिकिटं संपलीयत आणि मॉलमध्ये पार्किंग नाही? बेस्ट. किचनमध्ये जा, पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइलचा रोल बाहेर काढा. घरी कुणी विचारलंच तर सरळ सांगा, विमान बनवायचंय.

हसू नका. स्केल मॉडेलिंगच्या जगात प्लॅस्टिकच्या विमानाला धातूचा फॉइल चढवणं ही सगळ्यात वरची पायरी मानतात. बाकीचे लोक मॉडेल रंगवतात, हे लोक मॉडेल मढवतात. ‘मढवणं’ हा आपला छान घरगुती शब्द इथे अगदी फिट बसतो. देव्हारा चांदीनं मढवतात, मुखवटा मढवतात. जुन्नर तालुक्यातल्या ओझरला अष्टविनायकाच्या दर्शनाला गेला असाल, तर विघ्नहराच्या देवळाचं सोन्यानं मढवलेलं शिखर आठवत असेल. १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ते करवून घेतलं असं सांगतात. तंत्र तेच. आतली वस्तू वेगळी, वरचा पातळ पत्रा वेगळा, आणि दोन्ही इतके एकजीव करायचे की बघणाऱ्याला सांधा दिसता कामा नये.

आज जुन्नरचा विषय आणखी एका कारणानं निघणार आहे. पण आधी थोडी शाळा.

रंग का नको?

बाजारात सिल्व्हर पेंट मिळतो की! मिळतो. पण त्याचा लोचा असा, की चंदेरी रंगात धातूची बारीक पूड असते. खऱ्या विमानावर ती पूड डोळ्यांना दिसणार नाही, पण तळहाताएवढ्या मॉडेलवर प्रत्येक कण वाळूसारखा दिसतो. त्यामुळे कितीही चांगला मारला तरी तो ‘चंदेरी रंग’ वाटतो, ‘धातू’ वाटत नाही. एअरब्रशनं मारायचे खास लॅकर मिळतात, ते बरेच चांगले असतात. पण त्यांना एअरब्रश, कॉम्प्रेसर आणि हवेशीर खोली लागते. वन बीएचकेमध्ये तीन जण राहत असताना कॉम्प्रेसर लावून बघा, रूममेट्स काय म्हणतात ते.

फॉइलचं तसं नाही. तो धातूसारखा दिसतो, कारण तो धातूच आहे. आणि त्यात एक मस्त हिशोब दडलाय. किचनमधला फॉइल साधारण १६ मायक्रॉन जाडीचा धरा, म्हणजे ०.०१६ मिलिमीटर. प्रवासी विमानांच्या मॉडेलचं पॉप्युलर प्रमाण आहे १/१४४. आता १६ मायक्रॉनला १४४ नं गुणा. उत्तर येतं २.३ मिलिमीटर. जेट विमानाच्या अंगावरचा पत्रा साधारण एक-दोन मिलिमीटरच्या घरात असतो. म्हणजे पोळीचा फॉइल हा विमानाच्या पत्र्याचं जवळजवळ बरोब्बर मापाचं मॉडेल आहे! रंगाच्या दोन हातांना हे जमत नाही.

पुढची गंमत म्हणजे खऱ्या विमानाचा पत्राही मढवलेलाच असतो. विमानाला लागणारी मजबुती शुद्ध ॲल्युमिनियममध्ये नसते, म्हणून त्यात तांबं वगैरे मिसळून मिश्रधातू करतात. तो मजबूत होतो, पण लवकर गंजतो. मग १९२० च्या दशकात अमेरिकेत एक युक्ती निघाली. मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवायचा. या पत्र्याचं नाव अल्क्लाड. जुन्या फोटोंत आरशासारखी चमकणारी विमानं दिसतात, ती चमक या वरच्या थराची.

त्या काळी विमानांना नागडं ठेवायचं कारण फॅशन नव्हतं, वजन होतं. मोठ्या जेटला पूर्ण रंग द्यायचा तर काही शे किलोंचा बोजा वाढतो. अमेरिकन एअरलाइन्सनं तर २०१३ पर्यंत आपली विमानं पॉलिश केलेल्या धातूतच ठेवली होती. पुढे कार्बन फायबरची विमानं आली, ती घासून चमकवता येत नाहीत, आणि तो जमाना संपला. आपल्याकडे हवाई दलाची सुरुवातीची मिग-२१ विमानंही अशीच चंदेरी होती. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून अनेक हौशी मंडळींना ते चंदेरी मिग करायची खुमखुमी आलीय. जरूर करा. पण मी आज तुम्हाला दुसरं विमान सुचवणार आहे.

विमान क्रमांक एक

डग्लस डीसी-८. मालक अलितालिया, म्हणजे इटलीची तेव्हाची सरकारी विमान कंपनी. नोंदणीची अक्षरं आय-डीआयडब्ल्यूडी. फ्लाइट नंबर ७७१.

हे विमान सिडनीहून निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान आणि शेवटी रोम असा लांबलचक रूट. आजच्यासारखं एका झोपेत युरोप गाठायचे दिवस नव्हते ते. बँकॉकहून निघालं तेव्हा विमानात ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी होते. रात्र पावसाळ्यातली. मुंबई जवळ आल्यावर कंट्रोलनं ४,००० फुटांपर्यंत खाली यायची परवानगी दिली. संभाषण चालू होतं, सगळं नॉर्मल. आणि मग उत्तर येणं बंद झालं.

७ जुलै १९६२, रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं. शुक्रवार संपून शनिवार लागला होता. (काही पुस्तकांत ६ जुलै दिसेल, कारण विमानवाले ग्रीनिचची वेळ लिहितात.) मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येला, जुन्नरच्या बाजूच्या डोंगरात विमान आदळलं. इंग्रजी नोंदींमध्ये त्या टेकडीचं नाव ‘दवंड्याची’ असं वाचायला मिळतं. उंची सुमारे ३,६०० फूट. विमान आदळलं ते माथ्याच्या सुमारे ५ फूट खाली. ९४ पैकी कुणीही वाचलं नाही.

विमानात बिघाड नव्हता. चौकशीत निघालेलं कारण वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते फार साधं आहे. वैमानिकाला वाटलं, आपण मुंबईच्या जवळ पोचलोय. प्रत्यक्षात तो अजून लांब होता. त्यामुळे त्यानं विमान वेळेआधी खाली आणलं. आपण नक्की कुठे आहोत हे तपासायची जी साधनं हाताशी होती, ती त्यानं वापरली नाहीत. सुरक्षित उंचीच्या खाली आला. आणि या मार्गावरच्या डोंगरांची त्याला नीट ओळख नव्हती.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेकडून येणाऱ्याला दख्खनचं पठार पार करून घाटमाथा ओलांडायचा असतो आणि मगच कोकण लागतं. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिलेल्या प्रत्येकाला हे पायांनी माहीत असतं. सातवाहनांच्या काळापासून माल लादलेले जथे याच डोंगरातून खाली उतरत आले, आणि ‘घाट आला’ हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. एवढ्या लांबलचक रूटवर रात्री, ढगात, काचेबाहेर काळोख असताना मात्र घाट आला हे कळायला फक्त सुया, आकडे आणि रेडिओ उरतात.

आता हिशोब परत १/१४४ मध्ये करा. डीसी-८ ची लांबी ४५.९ मीटर, मॉडेलमध्ये जवळपास ३२ सेंटिमीटर. तुमच्या लॅपटॉपपेक्षा किंचित लहान. त्याच प्रमाणात ती टेकडी समुद्रसपाटीपासून साडेसात मीटर, म्हणजे अडीच मजली बिल्डिंग. मुंबई जवळपास ५८० मीटरवर, म्हणजे सोसायटीच्या गेटपासून पुढच्या सिग्नलच्याही पलीकडे. आणि माथ्याखालचे ते ५ फूट? एक सेंटिमीटर. फक्त एक सेंटिमीटर! तुमच्या करंगळीच्या नखाएवढा.

मॉडेलिंगचं हेच असतं. आकडे पेपरात वाचतो तेव्हा ते आकडे असतात. हातात घेतले की त्यांचं माप कळतं.

चला, कामाला लागू

१/१४४ मधला डीसी-८ चा किट ऑनलाइन मिळतो, कधी सहज, कधी थोडी वाट बघून. घेताना एवढंच बघा की बॉडी आखूड असलेला मूळ प्रकार आहे. याच विमानाची पुढे खूप लांब केलेली आवृत्ती निघाली, ती नको. इंजिनं रोल्स-रॉइसची कॉनवे. नाकाखाली दोन भोकं दिसतील, नाकपुड्यांसारखी. डीसी-८ ओळखायची ती खूण, त्यामुळे पुट्टी भरताना बुजवू नका.

पहिली पायरी, घासणं. पार्ट चिकटवले, फटीत पुट्टी भरली, की गॅरेजवाले गाडी घासायला वापरतात तो वॉटर पेपर आणा. ४०० पासून सुरू करा, मग ८००, १०००, शेवटी २०००. प्रत्येक वेळी पाणी लावून. रंगवायच्या मॉडेलमध्ये बारीकसारीक चुका प्रायमरखाली लपतात. फॉइलखाली काही लपत नाही. उलट फॉइल चुगलीखोर आहे. धुळीचा एक कण राहिला तरी तो वर फोड दाखवतो. म्हणून फॉइल चढवायच्या दिवशी पंखा बंद, खिडकी बंद, टेबल ओल्या फडक्यानं पुसलेलं. मे महिन्यात हे काम काढू नका, एवढाच सल्ला.

दुसरी पायरी, पांढरा रंग. अलितालियाच्या त्या काळच्या डीसी-८ चा वरचा भाग पांढरा आणि खालचं पोट उघड्या धातूचं. पांढरा आधी मारून पूर्ण वाळू द्या. फॉइलची वरची कड पुढे डीकलच्या पट्ट्याखाली जाते, त्यामुळे सांधा आपोआप झाकला जातो. आणि एक लक्षात ठेवा, शेपटीवर हिरव्या-लाल रंगातलं ते मोठं ‘ए’ अक्षर लावायचं नाही. ते १९६९ मध्ये आलं. १९६२ मध्ये कंपनीचं चिन्ह होतं पंख असलेला बाण. किटच्या डब्यावरच्या चित्रावर विसंबू नका, त्या वर्षांतले फोटो शोधा.

तिसरी पायरी, फॉइल. इथे दोन रस्ते आहेत. पहिला, अमेरिकेतल्या मिशिगनची बेअर-मेटल फॉइल नावाची कंपनी मागे गोंद लावलेला अतिशय पातळ फॉइल विकते. कार मॉडेलवाले क्रोमच्या पट्ट्यांसाठी तोच वापरतात. मऊ असतो, वळणावर छान बसतो, पण महाग पडतो आणि जुना झाला तर गोंद दगा देतो. दुसरा रस्ता आपला, किचनवाला. त्यासाठी फॉइलचा वेगळा गोंद मिळतो. दुधासारखा पातळ असतो, वाळला की पारदर्शक आणि चिकट होतो. आर्टच्या दुकानात सोनेरी वर्ख चिकटवायचा गोंद मिळतो, तोही चालतो. फॉइलच्या एका बाजूला मऊ ब्रशनं पातळ थर द्या आणि वाळू द्या. ओला चिकटवलात तर खाली लाटा राहतात.

चमकदार बाजू वर ठेवायची की मंद? दोन्ही. फॉइल कारखान्यात शेवटच्या वेळी लाटताना दोन पदर एकत्र लाटतात. रुळाला लागलेली बाजू चमकते, आतली एकमेकांना लागलेली बाजू मंद राहते. खऱ्या विमानाचे पत्रेही एकसारखे चमकत नाहीत. शेजारशेजारचे दोन पत्रे वेगळ्या दिवशी वेगळ्या शीटमधून कापलेले असतात. म्हणून एक पॅनल चमकदार, शेजारचं मंद, असं आलटून पालटून लावायचं. शिवाय फॉइलला लाटण्याची बारीक रेघ असते, कापडाला जशी उभी-आडवी वीण असते तशी. एक तुकडा उभा, शेजारचा आडवा लावला, की एकाच रोलमधून दोन शेड्स मिळतात. फुकटात!

आणखी काळपट शेड हवी? अंडी उकडून उकडून ॲल्युमिनियमचं पातेलं आतून कसं काळवंडतं, आठवा. फॉइलचे तुकडे अंड्यांबरोबर गरम पाण्यात ठेवले की त्यांनाही तसाच करडा-तपकिरी रंग चढतो. इंजिनाच्या मागच्या, तापणाऱ्या भागासाठी एकदम परफेक्ट. वर नाश्त्याची सोय होते ती वेगळीच.

चौथी पायरी, बसवणं. एकेक पॅनल घ्यायचं. पॅनलपेक्षा थोडा मोठा तुकडा कापा. ब्लेड नवं हवं, खाली काच हवी. तुकडा हळूच ठेवा आणि मधून कडेकडे दाबत जा. आधी बोटानं, मग इअरबडनं, मग टूथपिकच्या बोथट टोकानं पॅनलच्या रेघेत. रेघ उमटली की त्याच रेघेवरून ब्लेड हलकं फिरवा आणि जादाचा भाग सोलून काढा. पंख सपाट असल्यामुळे सोपे. पंखांनी सुरुवात करा, हात बसतो. खरी परीक्षा नाकाशी आणि इंजिनाच्या गोल तोंडाशी. तिथे एक मोठा तुकडा बसवायला गेलात की मोदकाच्या कळ्या पडतात. अरुंद पट्ट्या कापा आणि एकावर एक किंचित चढवत न्या.

बिघडला तर? सोला, गोंद पुसा, परत लावा. रंगाला ही सोय नाही. शेवटी मऊ फडक्यावर ब्रासोचा ठिपका घेऊन हलक्या हातानं पॉलिश. डीकल्स थेट फॉइलवर लावा. वरून वॉर्निशचा हात देऊ नका, सगळी चमक एका फटक्यात मरते.

वेळ किती लागतो? रोज रात्री एक तास दिला, आणि एका तासात दोन-तीन पॅनल्स नीट बसली, तर एका विमानाला दीड-दोन महिने सहज जातात. ज्यांचं अख्खं आयुष्य ‘डेडलाइन काल होती’ या तत्त्वावर चाललंय, त्यांना हा स्पीड सुरुवातीला झेपत नाही. दुसऱ्या आठवड्यात झेपायला लागतो. तिसऱ्या आठवड्यात आवडतो.

विमान क्रमांक दोन

एकटा डीसी-८ शोकेसमध्ये ठेवू नका. शेजारी एक बोइंग ७०७ ठेवा. एअर इंडियाचं, नाव ‘कांचनजंगा’.

चार वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला चाललेलं हे विमान आल्प्समध्ये मों ब्लांवर आदळलं. ११७ जण गेले. त्यांत होते डॉ. होमी भाभा. कटकारस्थानाच्या गोष्टी तुम्ही व्हॉट्सॲपवर शंभर वेळा वाचल्या असतील. चौकशीतून पुढे आलेलं कारण त्यापेक्षा साधं आणि जास्त अस्वस्थ करणारं आहे. वैमानिकाला वाटलं, आपण मों ब्लां ओलांडला. प्रत्यक्षात तो अजून समोर होता. विमानातल्या दिशा दाखवणाऱ्या दोन उपकरणांपैकी एक बंद होतं, आणि जमिनीवरून कंट्रोलरनं सांगितलेलं अंतर ऐकण्यात-समजण्यात गफलत झाली.

जुळणी बघा. इटलीचं विमान आपल्या सह्याद्रीत, आपलं विमान इटली-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरात. दोन्हींना तीच रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनं. दोन्ही वेळा विमान ठणठणीत. आणि दोन्ही वेळा गोष्ट एकच, पोचलो असं वाटलं आणि पोचलो नव्हतो.

मों ब्लांच्या हिमनदीनं ते विमान अजून पूर्ण सोडलेलं नाही. २०१२ मध्ये बर्फातून भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची थैली बाहेर आली. २०२० मध्ये त्या वेळची भारतीय वर्तमानपत्रं सापडली, इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या बातम्यांसकट.

या दोन विमानांना जोडणारा तिसरा बिंदू परत जुन्नरमध्येच आहे. पुणे-नाशिक रस्त्यानं निघा. आंबेगाव तालुक्यातलं मंचर मागे टाकलं की नारायणगाव येतं. तिथून आत वळलं की खोडद. जीएमआरटी, म्हणजे प्रचंड मोठी रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या भागात आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. ती उभी केली डॉ. गोविंद स्वरूप यांनी. आणि परदेशात असलेल्या स्वरूप यांना भारतात येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट सुरू करा असं १९६२ मध्ये कळवणारे होते होमी भाभा. जुन्नरच्या डोंगरात विमान पडलं, तेच वर्ष.

मॉडेलवाल्यांनी खोडदच्या तबकड्या मुद्दाम बघाव्यात. त्या पत्र्यानं मढवलेल्या नाहीत. दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांच्या सांगाड्यावर स्टीलच्या बारीक तारेची जाळी चढवलीय. रेडिओ लहरी इतक्या लांब असतात की त्यांच्यासाठी ही भोकाभोकांची जाळी म्हणजे सलग आरसाच. वारा मात्र जाळीतून आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. कमीत कमी धातूत काम कसं भागवायचं, हा विमानवाल्यांचा प्रश्न, आणि खोडदवाल्यांनी तो आपल्या पद्धतीनं सोडवला. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं. जाताना मोबाइल बंद ठेवा, दुर्बिणीला तुमच्या रिंगटोनचा त्रास होतो.

पण असं विमान बनवावं का?

प्रश्न रास्त आहे. ज्या विमानात ९४ माणसं गेली, ते शोपीस म्हणून टीव्हीशेजारी ठेवायचं? मित्र विचारणार, ‘यार, तुला दुसरं विमान मिळालं नाही?’

माझं मत, बनवावं. पण दोन अटींवर.

पहिली अट, विमान बनवायचं, अपघात नाही. काही जण तुटलेला पंख, काळवंडलेला डोंगर असा देखावा करतात. त्यात कौशल्य असेल, पण मला त्यात रस नाही. बँकॉकच्या धावपट्टीवरून निघताना ते जसं होतं तसं बनवा. त्याच वर्षी कंपनीत आलेलं, काही महिन्यांचं, नवं कोरं, लख्ख. त्या रात्री जिना चढून आत गेलेल्या ८५ जणांना ते तसंच दिसलं होतं. आरशासारख्या पोटात एअरपोर्टचे दिवे चमकत असतील. फॉइलचा हट्ट त्यासाठीच. करड्या रंगाचं विमान बघताना शेवट आधी आठवतो. चमकणारं विमान बघताना आधी ती निघायची वेळ आठवते, आणि शेवट नंतर.

दुसरी अट, डोंगरावर तुकडे शोधायला जायचं नाही. निवृत्त विमानांचा पत्रा कापून केलेल्या की-चेन हल्ली विकत मिळतात, लोक हौसेनं घेतात. त्या विमानांनी आपली नोकरी पूर्ण केलेली असते. हे वेगळं. जुन्नरच्या डोंगरात फिरायला जाल तेव्हा डोंगर बघा, घाटमाथ्यावरून कोकण किती खोल दिसतं ते बघा, ढग किती पटकन येतो ते बघा. खिशात काही घालून आणू नका. तुम्हाला लागणारा सगळा धातू किचनमध्ये २५ फुटांच्या रोलमध्ये आहे.

या अपघातांचं काहीच चीज झालं नाही असंही नाही. धडधाकट विमान, शुद्धीवर असलेला वैमानिक आणि समोर न दिसलेला डोंगर, हा प्रकार त्या काळात जगभर इतक्या वेळा घडला की त्याला एक स्वतंत्र नाव पडलं. डॉन बेटमन नावाच्या इंजिनिअरनं १९६० च्या दशकाच्या शेवटी यावर एक यंत्र बनवायला घेतलं. जमीन भलत्या वेगानं जवळ येतेय असं दिसलं की ते वैमानिकाला ओरडून सांगतं, वर घे! १९७० च्या दशकात अमेरिकेनं मोठ्या विमानांना ते सक्तीचं केलं. १९९० च्या दशकात त्यात जगभरच्या डोंगरांचा नकाशाच भरला गेला. आज मुंबईत उतरणाऱ्या प्रवासी जेटच्या पोटात सह्याद्री आधीच साठवलेला असतो. रात्रीच्या फ्लाइटनं मुंबईला येताना तुम्ही डोळे मिटून हेडफोन लावता, त्यामागे हेही आहे.

दोन्ही विमानं तयार झाली की ती एकाच फळीवर, एकाच दिशेला तोंड करून ठेवा. फार उजेड नको, पण बाजूनं येणारा दिवा हवा. फॉइल बाजूच्या उजेडात खुलतो. ७०७ वर खिडक्यांभोवती झरोक्यांची महिरप काढू नका. ती एअर इंडियानं १९७१ मध्ये ७४७ बरोबर आणली. खाली छोट्या पाट्या लावा. पाटीवर मॉडेलचं प्रमाण आणि तुमचं नाव बारीक अक्षरात, आणि ठळक अक्षरात फक्त तारीख, ठिकाण आणि माणसांचा आकडा. ७ जुलै १९६२, जुन्नर, ९४. २४ जानेवारी १९६६, मों ब्लां, ११७.

घरी येणारा प्रत्येक जण विचारेलच. मग त्याला ५ फुटांचा तो एक सेंटिमीटर बोटांनी दाखवा.

अलितालिया कंपनी ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद पडली. ती डीसी-८ विमानं केव्हाच आकाशातून गेली. तुमच्या फळीवरचं ३२ सेंटिमीटरचं विमान मात्र महिन्यातून एकदा मऊ फडक्यानं पुसलं तर वर्षानुवर्षं चमकत राहील. फक्त बोटं लावू देऊ नका कुणाला. फॉइलवर ठसे उमटतात, आणि ते लवकर जात नाहीत.